छत्रीसाठी वीस फुटी पाइप कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात महावितरणचं आवाहन छापून येतं. खांबाला जनावर बांधू नका, तारेवर कपडे वाळत घालू नका, तुटलेल्या तारेला हात लावू नका. मी ते दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी वाटतं की यात एक ओळ राहून गेलीय: टीव्हीची अँटेना किंवा डिशची छत्री बसवताना लोखंडी पाइप विजेच्या तारांजवळ नेऊ नका. यंदा पत्र लिहायलाच बसलो, कारण गेल्या पंधरवड्यात थोरल्या बहिणीच्या घरी जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही.

मी टीव्ही मेकॅनिक. आयटीआय करून १९८४ साली सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात दुकान टाकलं, आणि आता ते मुलाच्या हवाली केलंय. या चाळीस वर्षांत किती घरांच्या पत्र्यावर, कौलांवर, धाब्यावर चढलो याची मोजदाद नाही.

अक्का गावी एकटीच असते. दाजी गेल्यापासून टीव्ही हीच तिची सोबत. दर महिन्याला रिचार्ज संपला की पडदा काळा, मग पुण्याला भाच्याला फोन, आणि तो कामात असला की दोन-दोन दिवस घर मुकं. म्हणून भाच्यानं डीडी फ्री डिशची छत्री आणि बॉक्स विकत आणला. एकदा पैसे मोजले की महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री दिसतं, बातम्या, शेतीचे कार्यक्रम, भजन-कीर्तन. निर्णय अगदी योग्य होता.

मी पोचलो तेव्हा भाचा स्लॅबवर होता. हातात वीस फुटी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, टोकाला छत्री आवळून बसवलेली, आणि तो पाइप उभा करायच्या बेतात. स्लॅबच्या पूर्वेच्या कठड्यापासून आठ-नऊ फुटांवरून अकरा हजार व्होल्टची लाइन गेलीय.

मी अंगणातूनच ओरडलो, "पाइप खाली ठेव! आडवा ठेव आधी!"

"मामा, नुसता उभा करतोय. उंच असली की चांगलं येतं ना?"

उंच असली की चांगलं येतं. हे आमच्याच पिढीनं त्याच्या डोक्यात भरलेलं आहे, त्या लेकराचा दोष नाही. आणि एके काळी ते खरंही होतं.

आमच्या भागात तेव्हा चित्र यायचं ते सिंहगडावरच्या टॉवरवरून. अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, मध्ये डोंगरांच्या रांगा. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत चालतात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून जितकी अँटेना उंच तितकी आशा जास्त. वीस फुटी पाइपावर दहा फुटी पाइप जोडायचा, तीन बाजूंनी ताणाच्या तारा द्यायच्या, वर बूस्टर लावायचा. घरोघरी एक जण पत्र्यावर, एक जण दारात आणि एक जण टीव्हीसमोर. "आलं का?" "मुंग्याच हायेत!" "आता?" "थोडं माघारी घ्या... हां, हां, सोडू नका!" ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांच्या कानात हे आवाज अजून असतील.

ती काड्यांची अँटेना मला फार आवडायची. तिची रचना जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात १९२६ साली उदा आणि यागी या दोन संशोधकांनी मांडली, हे आयटीआयच्या मास्तरांनी आम्हाला सांगितलं होतं. मागची सगळ्यात लांब काडी लहरी परतवते, मधली वाकवलेली काडी त्या पकडते, पुढच्या आखूड काड्या त्यांना वाट दाखवतात. काडीची लांबी लहरीच्या लांबीशी बांधलेली, म्हणून ज्या चॅनलची अँटेना त्याच मापाची हवी. बाजारातून कुठलीही आणून चालायचं नाही. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगताना मला कधी कंटाळा आला नाही.

पण त्याच अँटेनेनं माझ्या हातून एक गोष्ट घडवली. ती आजवर मी चारचौघांत बोललेलो नाही.

१९८८चा मे महिना. एका वाडीवर अँटेना बसवायची होती. घरमालकांना रविवारच्या आत टीव्ही सुरू हवा होता आणि मला त्याच दिवशी आणखी दोन घरं गाठायची होती. माझ्याबरोबर एकोणीस वर्षांचा मदतनीस पोरगा. अँटेना पाइपाला खालीच जोडली, पाइप धाब्यावर चढवला आणि मी केबल ओढायला खाली उतरलो. पाइप उभा करायचं काम त्या एकट्याच्या हाती दिलं. घराशेजारून लाइन गेलेली मी येतानाच पाहिली होती. पाहिली होती, आणि तरी म्हटलं, होतंय काय त्याला, पाच मिनिटांचं काम.

उभ्या पाइपाच्या टोकाला काड्यांचं एवढं मोठं झाड असतं, त्याला वारा लागला की खालच्या माणसाला तोल सावरत नाही. पाइप कलला आणि तारेला लागला. मोठा फटाका फुटावा तसा आवाज झाला. पोरगा धाब्यावरून खाली कडब्याच्या गंजीवर फेकला गेला. त्या गंजीनं त्याला वाचवलं. जीपमध्ये घालून साताऱ्याला नेलं. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, डाव्या पायाच्या टाचेला भोक पडलं होतं, वीज तिथून बाहेर पडली होती.

आज त्याचं किराणा मालाचं दुकान आहे. नातवंडं आहेत. तो सुट्टे पैसे डाव्या हातानं देतो. मी गेलो की चहा मागवतो, त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलत नाही. त्यानंतर माझ्या दुकानात एक नियम झाला: पाइपाच्या लांबीच्या दीडपट अंतरात विजेची तार असेल तर पाइप उभा करायचा नाही. वीस फुटी पाइप, तर चारही बाजूंनी तीस फूट मोकळं. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल, दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

वीज नियमांत घरापासून लाइनचं अंतर ठरवून दिलेलं असतं. अकरा हजाराची लाइन बाजूनं जात असेल तर किमान १.२ मीटर, घरावरून जात असेल तर ३.७ मीटर. लोक म्हणतात, आमचं घर नियमात बसतं. बसत असेलही, पण नियमातलं अंतर घराचं आहे, तुमच्या हातातल्या सहा मीटर पाइपाचं नाही. घर जागेवर उभं असतं, पाइप फिरतो. शिवाय आमच्याकडे किती घरं अशी आहेत की लाइन आधी होती, घर नंतर मजल्यानं वाढत तिच्याजवळ गेलं.

आता मूळ मुद्दा. भाच्याला मी स्लॅबवर बसवून जे सांगितलं तेच आपल्या वाचकांना सांगतो. छत्रीला उंची लागत नाही.

फ्री डिशचं प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतं. तो विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर वर आहे. तुम्ही छत्री वीस फूट वर नेली काय आणि अंगणात ठेवली काय, ३६ हजार किलोमीटरांत काय फरक पडणार? तिला हवं असतं फक्त आग्नेयेकडचं मोकळं आभाळ. सातारा जिल्ह्यातून होकायंत्र धरलं तर उत्तरेपासून उजवीकडे १३० अंशांच्या आसपास, आणि क्षितिजापासून वर ५९ अंश. नागपूरकडे गेलात तर दिशा आणखी दक्षिणेला सरकते, १४४-१४५ अंश, उंचीचा कोन जवळपास तोच.

५९ अंश म्हणजे बरंच वर. डोंगर, समोरचं घर, बांधावरची झाडं यांच्या डोक्यावरून ती वाट जाते. माझा साधा हिशेब असा: समोरचा अडथळा छत्रीपेक्षा जितका उंच, त्याच्या सहा दशांश अंतर मागं सरकायचं. समोर दहा फूट जास्त उंच भिंत असेल तर सहा फूट मागं घ्या, पुरे झालं. अंगणात, पायरीशेजारच्या भिंतीवर, स्लॅबच्या कठड्याला आतल्या बाजूनं, कुठंही बसते. माणसाच्या हाताला येईल अशीच बसवा, कारण पुढं पावसात कधी हलली तर दुरुस्तीला पुन्हा चढावं लागत नाही.

जागा मोकळी आहे की नाही हे तपासायची एक युक्ती आहे, ती मला फार वर्षांनी उमगली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या थोडं आधी, आमच्या भागातून पाहिलं तर सूर्य जवळजवळ नेमका त्या उपग्रहाच्या पाठीमागे येतो. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र फुटतं, ते याचमुळं. बॉक्स बिघडला समजून लोक दुकानात घेऊन येतात. त्या वेळी जिथं ऊन पडलेलं असेल तिथं छत्री बसते, आंब्याची सावली असेल तिथं बसत नाही. सूर्याकडे डोळे लावून बघायचं नाही, जमिनीवरचं ऊन बघायचं.

छत्रीच्या तोंडाबद्दलही लोकांचा घोळ होतो. ती इतकी उभी दिसते की उपग्रह समोरच्या टेकडीवर आहे असं वाटावं. या छत्रीची ठेवणच तशी असते, समोरून खालच्या अंगानं आलेला दांडा आणि त्यावर एलएनबी, म्हणजे छत्रीनं गोळा केलेल्या लहरी पकडणारा छोटा डबा. आभाळाकडे तोंड करून ताट ठेवल्यासारखी ती कधीच बसवायची नाही, तसं केलं की काहीच लागत नाही आणि लोक म्हणतात, मग उंच करून बघू.

विकत घेताना अंगठ्यानं पत्रा दाबून बघा. सहज दबला तर ती छत्री दोन पावसाळ्यांत वाकडी होणार. आणखी एक परीक्षा अशी: काठावरून काठावर दोन दोरे ताणून एकमेकांना छेदून बांधा. मध्यभागी दोरे एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. मध्ये फट राहिली किंवा एकानं दुसऱ्याला दाबलं तर छत्री पिळलेली आहे, परत करा. आमच्या पठारी भागाला ६० सेंटिमीटरची छत्री पुरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर मुसळधार पावसात चित्र जास्त जातं, तिथं ९० सेंटिमीटरची घेतलेली बरी. पण लक्षात ठेवा, तिचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे वाराही सव्वादोन पट धरते. ती भिंतीत अँकर फास्टनर मारूनच बसवायची, पाइपाला तारेनं बांधून नाही. बॉक्स एमपेग-४ या नव्या पद्धतीचा घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर सगळ्या वाहिन्या लागत नाहीत.

अक्काकडे आम्ही छत्री स्लॅबवर नेलीच नाही. घराच्या दक्षिणेच्या अंगाला न्हाणीघराची बैठी भिंत आहे, लाइनपासून लांब. तिथं छातीएवढ्या उंचीवर बसवली. आधी ओळंबा लावून छत्रीचा खुंटा सरळ केला, कारण खुंटाच तिरका असला की पुढचे सगळे कोन चुकतात. भाच्यानं मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडापासून चार पावलं लांब उभं राहून धरलं. मग टीव्ही दारात आणून ठेवला आणि अक्का पडद्यासमोर बसली.

"आलं का गं?"

"पट्टी वर गेली की रं!"

"कुठली? स्ट्रेंथ का क्वालिटी?"

इथंच बहुतेक लोक फसतात. बॉक्स पडद्यावर सिग्नलच्या दोन पट्ट्या दाखवतो, स्ट्रेंथ म्हणजे जोर आणि क्वालिटी म्हणजे दर्जा. स्ट्रेंथची पट्टी एलएनबी नुसता जोडला तरी वर जाते. खरी पट्टी क्वालिटीची. छत्री केसभर सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचं, बॉक्सला वेळ द्यायचा, मग पुढं. आम्ही वर-खाली कोन ठरवून ठेवला होता आणि फक्त आडवी फिरवत होतो. चौथ्या खेपेला क्वालिटी एकदम सत्तरवर गेली. एलएनबी त्याच्या पकडीत किंचित पिळल्यावर आणखी पाच वाढली. अक्का म्हणाली, "दिसाय लागलं! माणसं दिसाय लागली!" मग नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, कारण एकच नट गच्च आवळला तर छत्री ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया.

केबलचं टोक सोलताना भाच्याला जवळ बसवून दाखवलं. वरचं काळं आवरण, आत जाळी, जाळीखाली चंदेरी पातळ पत्रा, मग पांढरा फेस आणि मधोमध तार. जाळीचा एक केसाएवढा धागा मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो, कारण याच केबलमधून बॉक्स एलएनबीला १३ ते १८ व्होल्ट पाठवत असतो. सगळे धागे मागं दुमडायचे, बोट फिरवून खात्री करायची, मगच कनेक्टर चढवायचा. बाहेरच्या जोडावर रबरी टेप, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्यायची, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून गळतं, भिंतीतून टीव्हीत येत नाही. छत्री लोखंडी खुंट्यासह अर्थिंगच्या तारेला जोडली, न्यूट्रलला नाही. थेट वीज कोसळली तर अर्थिंग टीव्ही वाचवेल असं मी म्हणत नाही. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा आणि केबलही बॉक्सपासून सोडवायची, हे अक्काला दोनदा करून दाखवलं.

मग माझी नजर स्लॅबवरच्या जुन्या पाइपाकडे गेली. १९९०च्या आसपास मीच बसवलेली काड्यांची अँटेना. अर्ध्या काड्या गळून गेलेल्या, तीनपैकी दोन ताण गंजून तुटलेले, पाइप लाइनच्या बाजूला झुकलेला. टॉवरवरून येणारं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण मार्च २०२२ पर्यंत देशभरात बहुतेक सगळीकडे बंद झालं. म्हणजे त्या पाइपाचं तिथं काहीच काम उरलेलं नाही, तो फक्त पुढच्या वादळाची वाट बघतोय. आम्ही त्याला हात लावला नाही. लाइनमनला फोन केला, तो दुसऱ्या दिवशी आला, लाइन बंद करून घेतली, आणि मगच दोर बांधून तिघांनी पाइप लाइनच्या उलट बाजूला उतरवला. बुडाशी तो इतका सडला होता की अंगठ्यानं दाबल्यावर पोपडे हातात आले.

संपादक महोदय, असे पाइप गावोगाव उभे आहेत. मालक शहरात, घर बंद, वर कुणाचं लक्ष नाही. माझी विनंती तीन ठिकाणी आहे. महावितरणनं पावसाळ्यापूर्वीच्या आवाहनात ती राहिलेली ओळ घालावी आणि जुना पाइप उतरवायला लाइन बंद करून हवी असेल तर लाइनमनला आधी कळवा, हेही छापावं. ग्रामपंचायतींनी मे महिन्यात तारांजवळचे पाइप कुठं कुठं आहेत ते एकदा फिरून बघावं, शिपायाचं एका दिवसाचं काम आहे. आणि छत्र्या विकणाऱ्या दुकानदारांना, माझ्या मुलासह, सांगणं आहे की खोक्याबरोबर वीस फुटी पाइप गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारू नका. दोन-अडीच फुटांचा भिंतीचा खुंटा पुरतो. पाइपाच्या विक्रीत चार पैसे सुटतात हे मला ठाऊक आहे, मीही ते कमावलेत.

आपण शक्य झाल्यास छत्रीची दिशा आणि कोन दाखवणारी एक साधी आकृती मराठीत छापावी. खोक्यातला कागद इंग्रजी आणि हिंदीत असतो, आमच्या म्हाताऱ्या माणसांना तो वाचता येत नाही. आकृती काढून द्यायला मी तयार आहे.

आमच्या गावात सात पाइप तारांकडे झुकलेले मी मोजलेत. लाइनमनशी बोलणं झालंय, येत्या सोमवारी सकाळी आठ ते दहा लाइन बंद ठेवणार आहेत. दोर, पाने आणि शिडी माझी. किराणा दुकानवाल्या माझ्या जुन्या सोबत्याला मी काल विचारलं. तो म्हणाला, "खाली दोर धरायला मी येतो."

आपला नम्र,
एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक,
जि. सातारा